बांधावर टाकलेला तांदूळ

बदलापूरला लोक घर घ्यायला जातात, नाहीतर पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला. मी एका पाखराचा फोटो काढायला गेले होते. फोटो मिळाला, चांगला मिळाला. पण तो कुणाला दाखवायचा नाही असं सरांनी आणि मी ठरवलंय. का, ते पुढे येईलच.

आधी माझं सांगते, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी गोंदियाकडची, धानाच्या मुलखातली. सातवीनंतर शाळा सुटली. गेली सहा वर्षं नाशिकला एका निवृत्त सरांच्या घरी राहते. त्यांचा स्वयंपाक, औषधं, चालताना हात देणं, सगळं माझ्याकडे. सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे आणि पक्ष्यांचं त्यांना वेड. गुडघे गेले तेव्हा त्यांनी आपला कॅमेरा माझ्या हातात दिला आणि गॅलरीत येणाऱ्या बुलबुलावर मला फोटो काढायला शिकवलं. गावी मला कुणी घड्याळाला चावीसुद्धा देऊ देत नसत, तुटेल म्हणून. त्यामुळे सरांचे उपकार तर वाटतातच, पण भीतीही वाटते, की एक दिवस त्यांना कळेल, हिला काही येत नाही.

उन्हाळ्यात सर दवाखान्यात होते तेव्हा तिथल्या सोनल नावाच्या नर्सने त्यांना मोबाईलवर एक फोटो दाखवला. "सर, हे आमच्या बदलापूरच्या शेतात यायला लागलंय. कोण आहे हे?" राखाडी अंग, काळं डोकं, पांढरे गाल आणि जाड गुलाबी चोच. नटून कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखं पाखरू.

सर उठून बसले. "ही जावा चिमणी. पार समुद्रापलीकडची. पिंजऱ्यातून सुटली की भातावर पडते आणि चिमण्यांची घरटी बळकावते. गंमत बघ, तिच्या स्वतःच्या देशात लोकांनी ती धरून धरून संपवत आणली."

त्यांना स्वच्छ फोटो हवा होता. डोळ्याभोवतीची लाल कडी दिसायला हवी, म्हणजे जाणकार मित्राला पाठवून नोंद करता येईल. नवरात्रात सरांची मुलगी सुट्टीला आली आणि मला पाच दिवस मोकळे मिळाले. सोनलने आपल्या आईला फोन करून राहायची सोय केली. निघताना सरांनी दोनच गोष्टी बजावल्या. "घरट्याजवळ जायचं नाही. आणि दाणे टाकून पाखरू बोलवायचं नाही. फोटोसाठी पाखराची सवय बिघडवायची नाही."

मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं.

उल्हासनगर

ही पाखरं सुटतात कुठून ते आधी बघ, असं सरांनी सांगितलं होतं, म्हणून पहिला मुक्काम उल्हासनगर. रिक्षावाल्याला "पक्ष्यांचं दुकान" म्हटलं, त्याने सोडलं फर्निचरच्या गल्लीत. गळ्यात कॅमेरा बघून एका दुकानदाराने फुटपाथवर मांडलेल्या खुर्च्या भराभर आत ओढल्या. मी म्हटलं, "अहो, मी महापालिकेची नाही." तो म्हणाला, "मॅडम, सब पहले यही बोलते हैं." आणि शेवटची खुर्ची आत घेऊन त्याने शटर अर्धं खाली ओढलं.

पाखरांचं दुकान दोन गल्ल्या सोडून, जीन्सच्या ढिगांमागे सापडलं. बोळासारखं, भिंतीभर पिंजरे. जावा एका मोठ्या पिंजऱ्यात होत्या, एकमेकींना खेटून बसलेल्या. पोपट किंवा मुनिया दिसेनात, म्हणून विचारलं.

"मुनिया बंद, तोता बंद," दुकानदार म्हणाला. "आपला देशी पक्षी ठेवायचा नाही, कायदा आहे. ये फॉरेन का है, इसका कोई लफडा नहीं. सोडनेवाले भी अभी यही ले जाते हैं."

"सोडणारे?"

"पुण्य के लिए. वो देखो, अम्मा आ गयी."

अम्मा म्हणजे सत्तरीची सिंधी बाई, पांढरी ओढणी, पायात मऊ चपला. त्या दिवशी नवा चंद्र दिसणार होता. त्या लोकांत या दिवसाला चंड म्हणतात आणि मानतात. दर चंडाला त्या अकरा पाखरं घेतात आणि अंबरनाथला नेऊन सोडतात. पूर्वी मुनिया सोडायच्या. मुनिया मिळेनाशा झाल्या तेव्हापासून जावा.

मी विचारलं, "का सोडता?"

"मेरा आदमी चालीस साल दुकान में बैठा, पुट. चार फूट का गल्ला. सुबह बैठता, रात को उठता. कहता था, छुट्टी लेंगे. फिर ऊपर से ही छुट्टी आ गयी." त्या हसल्या. "अब मैं हर महीने अकरा पंछी को छुट्टी देती हूँ. चल, तू फोटो निकाल."

ही परदेशी पाखरं सोडू नका, असं तिथेच सांगायला हवं होतं. मला माहीत होतं, सरांनी शिकवलं होतं. पण ज्या बाईने दोन मिनिटांत मला पुट, म्हणजे लेकरू, म्हटलं तिला तोंडावर काय सांगणार, आणि मी सांगणारी कोण? मी त्यांच्या रिक्षात बसले. पिंजरा माझ्याच मांडीवर होता.

अंबरनाथ

अंबरनाथचं शंकराचं देऊळ खोलगट जागेत आहे. वरून बघितलं तर बसकं दिसतं, जवळ गेल्यावर त्याच्या भिंतींवरून नजर निघत नाही. हाताएवढ्या जागेत नाचणारी बाई, तिच्या पायाशी हत्ती, हत्तीखाली आणखी कोणी. कोरणाऱ्याला मोकळा दगड दिसला की करमत नसावं. गाभारा आणखी खाली, पायऱ्या उतरून. शेजारून वाहणारं पाणी मात्र काळं, त्याकडे बघवत नाही. आमच्या गावच्या देवळात शिरताना वाकावं लागतं, इथे उतरावं लागतं. मला हे आवडलं.

अम्मांनी झाडाखाली पिंजरा उघडला. एकेक पाखरू काढून, कपाळाला लावून सोडत होत्या. दहा गेली. अकरावं त्यांनी माझ्या तळहातात ठेवलं. "ये तेरा. तुझे भी तो घर से दूर बहुत दिन हो गये."

हे मी त्यांना रिक्षात बोलले होते. पाखरू गरम होतं, आणि त्याचं काळीज माझ्या अंगठ्याखाली इतकं जोरात धडधडत होतं की माझंच वाटावं. मी मूठ उघडली. ते क्षणभर बसून राहिलं, मग बदलापूरच्या दिशेने गेलं.

अम्मांनी डबा उघडून ताहिरी दिली, केशरी गोड भात, वर खोबऱ्याचे काप. मी दोनदा घेतली. बाराव्या पाखरासारखी खात होते.

शिरगाव, बदलापूर

सोनलच्या आईला सगळे बेबीताई म्हणतात. शिरगावच्या इमारती जिथे संपतात तिथे त्यांचं कौलारू घर आणि मागे भाताची खाचरं. समोर सात मजली टॉवर, रात्री तिथला गरबा ओसरीत बसून ऐकू येतो. घरात बेबीताई आणि त्यांचे मालक दोघंच. मालक अंबरनाथला कंपनीत जातात, म्हणून शेत बाईच बघते.

"तूच ती फोटोवाली काय गो?" हे पहिलं वाक्य. दुसरं, "जेवलीस काय?" तिसरं, "नवरात्रात आलीस, आता मासली नाय. दसऱ्यानंतर येवाला पायजे होतीस, सुकट खाल्ली असतीस." ताटात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि गरम पेज होती.

आमच्याकडे उभ्या पिकाला धान म्हणतात आणि शिजल्यावर तो भात होतो. इथे शेतात असल्यापासूनच भात. आमची बांधी, इथे खाचर. पण चिखलाचा वास तोच. पहिल्या सकाळी बांधावर उभी राहिले तर डोळे भरून आले. सहा वर्षांत मी धान वाऱ्यावर हललेलं पाहिलं नव्हतं.

पंपाच्या खोलीला लागून दोन गुंठ्यांचं वेगळं खाचर होतं. लोंब्या तांबड्या, देठ उंच.

"यो आमचा जुना तांबडा भात," बेबीताई म्हणाल्या. "सासूनं आणला माहेरशी, तिच्या सासूनं तिच्या माहेरशी. बाजारात बी नाय मिलत. दर साली एवढाच पेरते, बियानं राखावाला. दसऱ्याला दाराला नवं बांधतो ना, ते याच्याच लोंब्यांचं."

नवं म्हणजे नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी, आंब्याच्या पानांत बांधून दाराला लावतात. आमच्याकडेही लोंब्या दाराला टांगतात, झालरीसारख्या विणून, पण त्या चिमण्यांनी खाव्यात म्हणून. धान घरात आलं की पाखरांचा वाटा बाहेर. बेबीताईंना हे सांगितलं तर त्या हसून लोटपोट झाल्या. "आनि आमी दिवसभर त्यांना हाकलतो! तुमच्या चिमन्या मोठ्या भाग्याच्या."

जावा आल्या नऊ वाजता, तीस-चाळीस, टुप टुप आवाज करत. तारेवर बसल्या, भातात उतरल्या, बेबीताईंच्या आरोळीने उडाल्या, परत उतरल्या. मी काढलेल्या प्रत्येक फोटोत नुसते राखाडी ठिपके. बेबीताई उपाशी पोटी दिवसभर बांधावर उभी राहून पत्र्याचा डबा बडवत होत्या. नऊ दिवसांचे उपास आणि दुखरे गुडघे. "पूर्वी पाखरं हुती, पन आरोळीला भ्यायची. ही बेशरम. घराच्या वलचणीला चिमन्यांची घरटी हुती, ती पन हींनीच घेतली."

संध्याकाळी मी म्हटलं, "ताई, उद्यापासून राखायला मी बसते. तुम्ही घरी पडा. मी धानाच्याच घरची, मला येतं."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "सोनलनं देवमानूस धाडला."

बोलले तेव्हा मनात पाप नव्हतं. हे लिहून ठेवते, कारण पुढे माझ्या बाजूने लिहिण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपाच्या खोलीत बसले. खिडकीतून समोरच बांध, बांधाला लागून तांबडा भात. हातात काठी, बाजूला डबा. जावा आल्या. काठी उचलली आणि वाटलं, एकच फोटो, मग बडवू. थांबले. पण त्या पलीकडच्या टोकाला उतरल्या. असं तीनदा झालं. दुपारी कॅमेऱ्यात बघितलं तर पुन्हा ठिपके. सरांचा मेसेज होता, "मिळाला का?" त्यात नुसती आशा होती. पण मला ऐकू आलं, हिला जमणार नाही.

बेबीताईंनी दुपारच्या पेजेसाठी थोडा तांदूळ पुडीत दिला होता. खोलीत चूल होती, तिथेच शिजव म्हणाल्या होत्या. मी पुडी उघडली आणि मूठभर बांधावर टाकला. सर आठवले. झालरही आठवली. मनाला म्हटलं, पाखरांना तर आम्ही देतोच. पण आम्ही देतो ते धान घरात आल्यावर, हे मनाने बरोबर विसरायचं ठरवलं.

तासाभरात त्या बांधावर होत्या. दहा हातांवर. मी श्वाससुद्धा जपून घेतला. लाल कडी दिसत होती. गुलाबी चोच मुळाशी गडद, टोकाला फिकी. इतकं सुंदर काही मी कॅमेऱ्यातून पाहिलं नव्हतं. डबा बडवायची वेळ कधीच टळून गेली होती. बांधावरचं संपलं की त्या सरळ शेजारच्या तांबड्या भातात उतरायच्या, आणि मी त्यांचेही फोटो काढायचे, लोंबी वाकवून दाणा सोलणाऱ्या पाखरांचे.

घरी बेबीताईंनी विचारलं, "पाखरं आली हुती काय?"

"फार नाही."

"बरी राखलीस बाय."

त्यांनी माझ्या भाकरीवर तूप घातलं. उपासाचं घर, तूप मोजकं. मी खाल्लं.

त्यानंतरच्या दिवशीही तांदूळ टाकला. आता तर त्या माझी वाट बघत बसल्या होत्या. पेजेविना दोन दिवस काढले, भूक लागली नाही. त्या थव्यात मी सोडलेली एखादी असेल का, असा विचार आला तर बोट थांबायच्या ऐवजी जास्तच चाललं. त्या दिवशीच तो फोटो मिळाला. एकटी जावा बांधावर, मान किंचित वळलेली, डोळ्यात उजेड, चोचीत दाणा.

निघायच्या दिवशी सकाळी बेबीताई म्हणाल्या, "चल, नव्याच्या लोंब्या बघून ठेवू." मी मागे मागे गेले. लांबून तांबडं खाचर जसंच्या तसं उभं होतं. बेबीताईंनी लोंबी हातात घेतली. दाबली. सोडली. दुसरी घेतली. मग आत शिरल्या, पाणी नव्हतं तरी साडी वर खोचून. पिकत आलेला दाणा जावांनी सोलून नेला होता आणि फोलपटं तेवढी देठाला होती. उजेडात त्यातून आरपार दिसत होतं.

त्यांनी एकदा बांधाकडे बघितलं, एकदा पंपाच्या खोलीकडे.

मी म्हटलं, "रात्री... पहाटे आल्या असतील."

"असतील," बेबीताई म्हणाल्या.

पाखरं रात्री येत नाहीत. हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

अर्धा तास शोधून त्यांनी खाचराच्या मधल्या भागातून भरलेल्या लोंब्या गोळा केल्या. ओंजळभर. मला वाटलं, नव्यासाठी. पण मी पिशवी उचलली तेव्हा त्यांनी ती जुडी कागदात गुंडाळून पिशवीत घातली. "ने. तू धानाच्या घरची." मी नको नको म्हटलं. मग घेतली. पाया पडले तर त्यांनी खांद्याला धरून उठवलं, पण या खेपेला बोटं मोडली नाहीत. रिक्षात मान वळवून मागे बघायची हिंमत झाली नाही.

नाशिक

सरांनी फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. "अगं, कुंदा!" एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसला. मुलीला हाक मारून दाखवला. सहा वर्षांत माझं काही कुणी असं हाक मारून दाखवलं नव्हतं. मग ते आणखी जवळ गेले, चोच पडद्याभर केली.

"हा दाणा कुठला?"

चोचीतला दाणा पांढरा होता. कांडलेला, चकचकीत, स्वयंपाकघरातला. शेतातल्या दाण्याला साल असते.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, डब्याचं, काठीचं, तुपाचं, ओंजळभर लोंब्यांचं. सरांनी फोटो पुन्हा होता तेवढा लहान केला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"फोटो चांगला आहे," ते म्हणाले. "पण मी तो कुठे पाठवणार नाही. ठिपके दे, ठिपक्यांवर होईल तेवढी नोंद करू." मग म्हणाले, "त्या बाईंना सांगितलंस?"

नाही म्हटलं.

दसरा होऊन गेल्यावर फोन केला. आठ दिवस नंबर काढून नुसती बघत होते. बेबीताईंनी उचलला, मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"ताई, मी राखलं नाही. मी तांदूळ टाकला. फोटोसाठी."

"मना ठाव हाय."

मी फोन कानाला लावून खाली बसले.

"बांधावर माझ्या कोंबड्या पांढरा तांदूल टिपत हुत्या. आमच्या बांधावर पांढरा तांदूल पिकतो काय गो? तुना तोंड नव्हतं काय सांगावाला? मी विचारत हुती ना रोज, पाखरं आली काय म्हनून? तूप वाढत हुती तुना." त्यांचा आवाज चढला आणि फुटला. "या साली दाराला बाजारच्या बियान्याचं नवं बांधलं. सासूच्या फोटोकडं बघवला नाय."

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडू नको, माझा फोन जातो." मग थोड्या वेळाने, "लोंब्या हायत काय?"

"आहेत. डब्यात. कडुलिंबाचा पाला घालून ठेवल्यात. ताई, मी लगेच आणून देते."

"नको आनू. खाचरात हुत्या तेवढ्या सगल्या तुना दिल्या, माझ्याकडं एक दाना नाय."

"का पण? मला का दिल्या?"

"इथं ठेवून काय करू? ती बेशरम पाखरं इथंच हायत. तुज्या गावात नाय ना अजून? तिथं पेर. तुज्या घरी शेत हाय बोल्लीस. राखावाला बसवली हुती ना तुना? मंग राख. पुढच्या दसऱ्याच्या आधी घेऊन ये. नाय आनलास तर पुन्ना फोन करू नको."

आणि त्यांनी फोन ठेवला.

गावी भावाला कळवलंय, की मृगाच्या सुमारास येते, विहिरीजवळची छोटी बांधी माझ्यासाठी ठेव. तो म्हणाला, सहा वर्षांनी येतेस ती धान पेरायला? मी हो म्हटलं. सरांनी धान पिकून हाती येईपर्यंतची रजा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, मुलगी येऊन राहणार आहे. अम्मांच्या दुकानदाराचा नंबर मिळवलाय. दर महिन्याला चंड जवळ आला की फोन हातात घेते, अम्मांना सांगायचं म्हणून. अजून लावलेला नाही.

लोंब्यांचा डबा माझ्या उशाशी असतो. कॅमेरा कपाटात. त्या दोन्हींच्या मध्ये पत्र्याचा एक रिकामा डबा आणून ठेवलाय, आणि एक काठी.